खाडीपुलावरचा झटका: एका पॅनिक रुग्णाच्या निमित्ताने मेंदूची रचना आणि सेरोटोनिन

हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. वसई-विरार पट्ट्यातून रोज दक्षिण मुंबईत नोकरीला येणाऱ्या आणि पॅनिक विकाराने, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या आजाराने, ग्रासलेल्या रुग्णांच्या वृत्तांतांत जे पुन्हा पुन्हा आढळते, ते एका रुग्णाच्या रूपात गुंफून येथे मांडले आहे. त्यामुळे कोणाचीही ओळख उघड होत नाही आणि विवेचनाला लागणारे सर्व दुवे एका जागी मिळतात.

वृत्तांत

रुग्ण छत्तीस वर्षांची विवाहित महिला असून वसईला पती, सासूबाई आणि शाळकरी मुलासह राहते. चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात ती लेखा विभागात काम करते. पूर्वी कोणताही मानसिक आजार नव्हता; वडिलांना मात्र ‘बंद जागेचा त्रास’ होता आणि ते लिफ्टने कधी जात नसत, असे तिने विचारल्यावर सांगितले. जुलै महिन्यातील एका सकाळी तिची गाडी नायगाव आणि भाईंदर यांच्या दरम्यान वसईच्या खाडीवरील पुलावर सिग्नलअभावी थांबून राहिली. महिलांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, संकष्टीच्या उपवासामुळे पोटात दोन कप चहाखेरीज काही नव्हते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. काही मिनिटांतच तिची छाती धडधडू लागली, श्वास पुरेनासा झाला, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, हाताची बोटे आत वळू लागली आणि ‘मी आता जाणार’ अशी खात्री पटली. शेजारच्या बायकांनी तिला खिडकीशी बसवले, पाणी दिले आणि भाईंदरला उतरवून रुग्णालयात पोहोचवले. ईसीजी सामान्य आला. ‘अ‍ॅसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून तिला घरी पाठवण्यात आले.

दुसरा झटका सुमारे दोन आठवड्यांनी आला आणि त्या वेळी गाडी थांबलेलीही नव्हती. नायगाव सुटल्यावर पुलाच्या लोखंडी गर्डरवर चढताच चाकांचा आवाज बदलतो, तो पोकळ आणि मोठा होतो. तो आवाज कानावर पडला आणि तिच्या शब्दांत ‘पोटातून काहीतरी वर आलं’. तिसरा झटका मध्यरात्री, गाढ झोपेत आला. ती दचकून उठली, घामाने चिंब होती, आणि स्वप्न पडल्याचे तिला मुळीच आठवत नव्हते. या तिसऱ्या झटक्याचा उल्लेख तिने पहिल्या भेटीत केलाच नव्हता, कारण तो गाडीत आला नसल्यामुळे याच आजारातला आहे असे तिला वाटले नव्हते. निदानाच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत बोलका ठरला.

यानंतरचा काही महिन्यांचा काळ टाळाटाळीचा होता. जलद गाडी बोरिवलीनंतर थेट अंधेरीला थांबते, म्हणून ती बोरिवलीला उतरून धीमी लोकल पकडू लागली. दर तीन-चार मिनिटांनी फलाट येतो आणि ‘हवं तर उतरता येईल’ एवढा दिलासा मिळतो, यासाठी ती रोज अर्धा तास जास्त खर्च करत होती. खाडी मात्र जलद गाडीलाही ओलांडावी लागते आणि धीम्या गाडीलाही. त्यावर तोडगा म्हणून ती सोमवार ते शुक्रवार दहिसरला भावाकडे राहू लागली आणि शनिवारी पती दुचाकीने, महामार्गावरून, तिला घरी आणू लागला. रविवारी दुपारी जेवणानंतरच तिच्या पोटात गोळा येई, रात्री झोप लागत नसे आणि मुलावर विनाकारण चिडचिड होई. जवळच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम या चिंता तात्पुरती शमवणाऱ्या औषधाच्या पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या मोजक्याच तिने घेतल्या. पण पर्समध्ये ती पट्टी आहे याची खात्री केल्याशिवाय ती घराबाहेर पडत नव्हती.

आमच्याकडे येण्यापूर्वी एका फिजिशियनांनी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केले होते. सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावर काम करणाऱ्या एसएसआरआय गटातील हे औषध आहे. दुसऱ्या दिवसापासून तिला आतून थरथरल्यासारखे, एका जागी बसवत नसल्यासारखे वाटू लागले, झोप उडाली आणि चौथ्या दिवशी दहिसरच्या फलाटावर, गाडी येण्याआधीच, आतापर्यंतचा सर्वांत तीव्र झटका आला. तिने औषध बंद केले. ‘सेरोटोनिन कमी झालंय म्हणून हे होतंय, गोळीने ते वाढेल असं सांगितलं होतं. मग वाढल्यावर त्रास वाढला कसा?’ हा प्रश्न तिने पहिल्याच भेटीत विचारला. या प्रकरणाचा अभ्यास प्रामुख्याने त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केला आहे, कारण तो प्रश्न अचूक आहे आणि त्याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर अपुरे आहे.

तपासण्या आणि घरच्यांच्या अपेक्षा

थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तशर्करा आणि इकोकार्डिओग्राम यांत दोष आढळला नाही. थायरॉइडचा अतिरेक किंवा हृदयाच्या लयीतील बिघाड पॅनिकचे सोंग घेऊन येऊ शकतो, म्हणून या तपासण्या टाळू नयेत. पण त्या एकदा झाल्यावर पुन्हा पुन्हा करणे हा आजाराला खतपाणी घालण्याचाच प्रकार ठरतो.

पतीचा आग्रह एमआरआयचा होता. ‘मेंदूच्या रचनेतच दोष असेल तर दिसेल ना’ हा त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. चिंताविकार असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्या गटांची तुलना केली असता अमिग्डला (धोका ओळखणारा भाग), हिप्पोकॅम्पस (आठवणींशी निगडित भाग) आणि पूर्वललाट भाग (कपाळामागचा, विचार व नियोजन करणारा) यांच्या आकारमानात वा कार्यात सरासरी फरक आढळल्याचे अनेक अभ्यास आहेत. पण ते फरक लहान आहेत, दोन्ही गटांतील व्यक्तींची मापे एकमेकांवर बरीचशी चढलेली असतात, आणि एका व्यक्तीची प्रतिमा पाहून तिला पॅनिक विकार आहे की नाही हे सांगता येत नाही. अपस्मार किंवा अन्य मज्जासंस्थेच्या आजाराची शंका घेण्याजोगे एकही लक्षण नसल्यामुळे एमआरआय केला नाही.

पतीने एका जनुकचाचणीची जाहिरातही मोबाइलवर दाखवली. सेरोटोनिन पेशीत परत खेचून घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या ‘आखूड’ प्रकाराचा चिंताळू स्वभावाशी संबंध असल्याचे १९९६ मध्ये मांडले गेले, २००२ मध्ये तो प्रकार असलेल्यांच्या अमिग्डलाची भेदरलेल्या चेहऱ्यांना अधिक तीव्र प्रतिक्रिया दिसली, आणि २००३ मध्ये ताण व नैराश्याशी त्याचा मेळ घालणारा लेख गाजला. पुढे मोठ्या नमुन्यांवर काम झाले, तेव्हा ती इमारत खचली. २०१९ मध्ये लाखो व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात नैराश्याच्या संदर्भात अशा एकेकट्या ‘उमेदवार’ जनुकांना आधार मिळाला नाही. वडिलांचा लिफ्टचा त्रास आणि मुलीचा खाडीचा त्रास यांत आनुवंशिक धागा असू शकतो, परंतु तो असंख्य जनुकांच्या बारीक बारीक परिणामांनी विणलेला असतो. चाचणीचे पैसे वाचले.

सासूबाईंनी सुनेला रोज सकाळी दोन केळी आणि दूध सुरू केले होते, कारण केळ्यात सेरोटोनिन असते असा संदेश त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. संदेश खोटा नव्हता. केळ्यात सेरोटोनिन असतेच, आणि आपल्या शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिनही आतड्यातच तयार होते. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सेरोटोनिनला ओलांडता येत नाही. मेंदूला ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच घडवावे लागते आणि त्यासाठी लागणारे विकरही (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) आतड्यातल्या विकराहून वेगळे आहे, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. सासूबाईंना एवढेच सांगितले की केळी चालू ठेवा, तिने रिकाम्या पोटी चहा पिऊन गाडी पकडू नये यासाठी ती उत्तमच आहेत.

रचनेचा विचार

रुग्णाच्या त्रासाचे तीन वेगळे भाग पडतात. रविवार दुपारपासूनची, संथ, तासन् तास रेंगाळणारी धास्ती हा पहिला. पुलाचा आवाज कानी पडताच येणारी दचक हा दुसरा, आणि काही मिनिटांत शिखर गाठणारा, गुदमरवणारा झटका हा तिसरा. तिघांनाही आपण ‘भीती’ किंवा ‘चिंता’ म्हणतो, रुग्णही म्हणते. पण मेंदूतील त्यांचे पत्ते एक नाहीत, आणि येथेच प्रकरणाची किल्ली आहे.

आवाजाने येणारी दचक समजून घेण्यास सर्वांत सोपी. कानशिलामागे, दोन्ही बाजूंना खोलवर असलेला अमिग्डला हा बदामाएवढा केंद्रकांचा, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांचा, समूह निरुपद्रवी संकेत आणि धोका यांची सांगड घालतो. जोसेफ लेडू यांनी १९८० च्या दशकात उंदरांवर दाखवले की आवाज थॅलेमस या मेंदूतील संवेदनांच्या वाटप-केंद्रातून थेट अमिग्डलाच्या पार्श्व केंद्रकाकडेही जातो आणि बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या, विचार करणाऱ्या थराच्या) सविस्तर पण सावकाश मार्गानेही जातो. पहिल्या झटक्याच्या दिवशी गर्डरचा पोकळ आवाज, खाडीचा खारट वास, डब्यातली उकड आणि मरणाची खात्री हे सगळे एकाच वेळी घडले. पुढच्या वेळी आवाज पुरेसा होता. ‘पूल पार व्हायला दोनच मिनिटं लागतात हे मला माहीत आहे’ असे तिचे बाह्यक सांगू शकत होते, पण ते सांगेपर्यंत अमिग्डलाच्या मध्य केंद्रकातून हायपोथॅलॅमस (शरीराच्या अंतर्गत क्रिया सांभाळणारा भाग) आणि मस्तिष्कस्तंभाकडे (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाकडे) आदेश गेलेले असत.

रविवारची धास्ती मात्र कोणत्याही आवाजाला बांधलेली नाही. घर शांत आहे, गाडी उद्याची आहे, आणि गाडी पुलावर थांबेल की नाही हेही अनिश्चित आहे. अशा दूरच्या, अनिश्चित, लांबत जाणाऱ्या धोक्याच्या वेळी अमिग्डलाला लागून असलेले, त्याच्याच विस्तारात मोडणारे स्ट्रिया टर्मिनॅलिसचे शय्या-केंद्रक विशेष गुंतलेले असते. मायकेल डेव्हिस यांनी क्षणिक भीती आणि दीर्घ चिंता यांतील हा भेद प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. पुढे माणसांवरील अभ्यासांत ही विभागणी इतकी काटेकोर राहिली नाही, दोन्ही भाग दोन्ही कामांत हात घालतात असे दिसले. तरीही चिकित्सेसाठी हा भेद उपयोगी आहे असे माझे मत आहे, कारण रुग्ण स्वतःच तो नेमका करतात.

झटक्याचे काय? येथे अनेकांची कल्पना चुकते. अमिग्डलाला ‘मेंदूचे भीतीकेंद्र’ म्हणण्याची इतकी सवय झाली आहे की झटकाही तेथूनच येतो असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील एका महिलेचा, शास्त्रीय साहित्यात ‘एसएम’ या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा, दोन्ही बाजूंचा अमिग्डला दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे नष्ट झालेला आहे. तिला साप, कोळी, भीतिदायक चित्रपट, कशाचीच भीती वाटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि असाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एका श्वासात हुंगायला दिली, तेव्हा तिघींनाही पॅनिकचा झटका आला. अमिग्डला शाबूत असलेल्या बारा जणांपैकी मात्र तिघांनाच तो आला. शिवाय हुंगण्याआधी शाबूत अमिग्डला असलेल्यांची छाती धडधडू लागली होती. या तिघींमध्ये ती आगाऊ धास्ती दिसली नाही. धास्ती नाही, पण झटका आहे: आपल्या रुग्णातही हे दोन वेगळे करून पाहावेत, याला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

झटक्याचा मोठा वाटा मस्तिष्कस्तंभातील, मध्यमेंदूतल्या प्रवाहनलिकेभोवतीच्या (द्रव वाहून नेणाऱ्या अरुंद नळीभोवतीच्या) करड्या द्रव्याचा असावा असे मानण्यास जागा आहे. शस्त्रक्रियेदरम्यान माणसात हा भाग विजेने चेतवला असता तीव्र भीती आणि मृत्यू जवळ आल्याची भावना उसळते, हे १९६९ पासून नोंदलेले आहे. २००७ मध्ये डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर पाठलाग करणाऱ्या आभासी शिकाऱ्याचा खेळ व्यक्तींना स्कॅनरमध्ये खेळायला दिला; शिकारी दूर असताना पूर्वललाटाचा भाग अधिक क्रियाशील होता आणि तो जवळ येत गेला तसतशी क्रिया या करड्या द्रव्याकडे सरकत गेली. वसई ते भाईंदर या प्रवासात रुग्णाच्या डोक्यात घडत असेल ते याहून फार निराळे नसावे. वसईच्या फलाटावर ती इंडिकेटर पाहत आकडेमोड करते, पुढे कोणत्या दाराशी उभे राहायचे ते ठरवते, आणि नायगाव सुटल्यावर ठरवणारा भाग मागे पडतो.

मध्यरात्रीचा झटकाही येथे जुळतो. असे झटके सहसा स्वप्नांच्या झोपेतून येत नाहीत, त्याआधीच्या टप्प्यांतून येतात. म्हणजे भयंकर विचार, कल्पना, खाडी यांपैकी काहीही नसताना ते येऊ शकतात. डोनल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडलेली कल्पना अशी की काहींच्या मेंदूतील गुदमरण्याचा इशारा देणारी यंत्रणा गरजेपेक्षा हळवी असते आणि ती खोटा इशारा देते. गच्च भरलेल्या, खिडक्या पावसामुळे लावून घेतलेल्या डब्यात अशा यंत्रणेला निमित्त मिळणे अवघड नाही. त्यानंतर रुग्ण भराभर श्वास घेते, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड उलट खाली जातो, रक्त अल्कधर्मी होते, मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण घटते. मुंग्या, वळलेली बोटे आणि गरगरणे ही सगळी त्याची देणगी. इन्सुला हा शरीराच्या आतल्या खबरा घेणारा भाग त्या संवेदना टिपतो आणि त्यांचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला गेला की वर्तुळ पूर्ण होते.

सेरोटोनिन नेमके काय करते

आता तिच्या प्रश्नाकडे वळता येते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या केवळ काही लाख, आणि त्या बहुतेक मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरील रॅफे केंद्रकांत दाटीने बसलेल्या असतात. त्यांचे तंतू मात्र अमिग्डला, शय्या-केंद्रक, पूर्वललाट, हिप्पोकॅम्पस, करडे द्रव्य अशा जवळजवळ सर्व ठिकाणी पोहोचतात. सेरोटोनिनचे ग्राही, म्हणजे ते रसायन जिथे चिकटून परिणाम घडवते ती पेशीवरील प्रथिने, चौदा प्रकारचे आहेत, आणि त्यांतले काही पेशीला शांत करतात तर काही चेतवतात. तेव्हा ‘सेरोटोनिन वाढले’ या वाक्याला कोठे, कोणत्या ग्राहीवर आणि किती काळ हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. महापालिकेने शहराचे पाणी वाढवले असे म्हटल्याने कोणत्या वॉर्डात नळ आला आणि कोणत्या सखल भागात तळघर भरले हे कळत नाही, तसेच हे आहे.

बिल डिकिन आणि फ्रेडरिको ग्रेफ यांनी १९९१ मध्येच असे सुचवले होते की रॅफेतून अमिग्डलाकडे जाणारा मार्ग आगाऊ चिंता वाढवतो, तर रॅफेतून करड्या द्रव्याकडे जाणारा मार्ग झटका आवरतो. एकच रसायन, उगमही एकाच परिसरात, आणि परिणाम परस्परविरुद्ध. त्यांचा सिद्धान्त सर्व तपशिलांत टिकला असे नाही, पण त्याची दिशा योग्य होती. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात पृष्ठ रॅफेतील सेरोटोनिन पेशींचे दोन वेगळे संच दिसले: पूर्वललाटाकडे जाणारा संच संकटात हातपाय हलवण्याची उमेद वाढवतो आणि अमिग्डलाकडे जाणारा संच चिंतेसारखे वर्तन वाढवतो.

पहिल्या आठवड्यातल्या थरथरीचे उत्तर यातून मिळते. एसएसआरआय गटाची औषधे सेरोटोनिन परत खेचणारा वाहक अडवतात आणि ते काम काही तासांतच सुरू होते. २०१६ मध्ये उंदरांच्या शय्या-केंद्रकात दिसले की सेरोटोनिन तेथील ‘२सी’ प्रकारच्या ग्राहींमार्फत चिंता वाढवणारे मंडल चेतवते, आणि एसएसआरआयच्या सुरुवातीच्या मात्रांनी वाढणाऱ्या भीतीतही त्याचा हात आहे. त्याच वेळी रॅफे पेशींच्या स्वतःच्या अंगावर ‘१ए’ प्रकारचे स्वग्राही असतात. आसपास सेरोटोनिन साचले की ते पेशीला ‘पुरे’ असा निरोप देतात आणि तिचे स्फुरण मंदावते. हे स्वग्राही बोथट होऊन पेशी पुन्हा नेहमीच्या लयीत येण्यास आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या दिवसांत रुग्णाला औषधाचा त्रास पूर्ण मिळतो आणि लाभ अजून वाटेत असतो. तिच्या गोळीने जे करायचे तेच केले होते. फक्त १० मिलिग्रॅमने सुरुवात आणि आगाऊ सूचनेचा अभाव यांमुळे ते सोसण्यापलीकडे गेले.

‘कमतरते’ची गोष्ट मुळात कशी रुजली याच्याशी मुंबईचा थोडा संबंध आहे आणि तो सांगण्याचा मोह आवरत नाही. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले गेले, आणि १९५५ मध्ये ते मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता करते असे बर्नार्ड ब्रॉडी व सहकाऱ्यांनी दाखवले. सेरोटोनिनचा मनाशी असलेला संबंध तपासण्याची वाट अशी खुली झाली. पण गंमत अशी की सेरोटोनिन रिते करणारे हे औषध त्या काळी मनोरुग्णांना शांत करण्यासाठीच वापरले जात होते. रिसर्पिन नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिनही रिते करते, म्हणून त्यावरून सरळ निष्कर्ष काढता येत नाही हे खरे; तरी ‘कमी म्हणजे चिंता, जास्त म्हणजे शांती’ हे समीकरण जन्मापासूनच डळमळीत होते. ट्रिप्टोफॅन वगळलेल्या आहाराने निरोगी व्यक्तींचे सेरोटोनिन तात्पुरते घटवले तरी केवळ तेवढ्याने त्यांना पॅनिकचे झटके येऊ लागत नाहीत.

रुग्णाला हे सर्व सांगितले नाही. तिला सांगितले ते असे: ‘ताई, तुमच्यात काही कमी पडलेलं नाही. गोळी मेंदूतल्या एका यंत्रणेला हळूहळू नवी लय लावते, आणि ती लागेपर्यंत पहिले दहा-बारा दिवस उलट अस्वस्थ वाटू शकतं.’ त्यावर ती म्हणाली, ‘एवढं आधी कोणी सांगितलं असतं तर मी बंद केली नसती.’

उपचार आणि त्यांचा क्रम

एस्सिटालोप्राम अडीच मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू करून तीन आठवड्यांत १० पर्यंत नेले. सकाळचा दुसरा चहा बंद झाला. पहिल्या आठवड्यात हलकी थरथर आली, पण ती अपेक्षित असल्याने तिने सोसली. सहाव्या आठवड्याच्या सुमारास झटके थांबले; रात्रीचा झटकाही पुन्हा आला नाही.

आणि तरीही ती दहिसरलाच राहत होती. झटके नाहीत, पण रविवारचा गोळा आहे, आणि पर्समध्ये पट्टी आहे. कुटुंबीयांना हे हट्टीपणाचे वाटू लागले होते. पतीने तर ‘आता बरी आहेस ना, मग चल’ असा तगादाही लावला. वर मांडलेल्या रचनेच्या दृष्टीने पाहिले तर यात नवल नाही. औषधाने मस्तिष्कस्तंभातील झटक्याला आवर घातला, परंतु आवाज आणि मरण यांची अमिग्डलाने घातलेली गाठ गोळीने सुटत नाही. जॅक गोर्मन यांनी २००० मध्ये पॅनिकविषयी मांडलेल्या प्रारूपात हेच सुचवले आहे की औषधे खालच्या थरांवर अधिक काम करतात आणि मानसोपचार पूर्वललाटाच्या बाजूने.

भीती विझवणे म्हणजे जुनी आठवण पुसणे नव्हे. ग्रेगरी क्वर्क आणि मोहम्मद मिलाद यांनी २००२ मध्ये उंदरांवर दाखवले की भीती विझल्यानंतर पूर्वललाटाच्या मध्यभागातील पेशी ‘आता धोका नाही’ ही नवी आठवण धरून ठेवतात आणि अमिग्डलाचा आवाज दाबतात. ही नवी आठवण जागेला आणि प्रसंगाला घट्ट बांधलेली असते, म्हणून ती जेथे लागणार तेथेच, आणि एकाहून अधिक परिस्थितींत, तयार करावी लागते. प्रथम दवाखान्यात मुद्दाम भराभर श्वास घेऊन मुंग्या आणि गरगर आणली, जेणेकरून त्या संवेदना मरणाच्या नाहीत हे शरीराला कळावे. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने नायगाव ते भाईंदर आणि परत, आधी पतीसोबत, नंतर एकटीने. दुपारी ती निर्धास्त झाली, तरी सकाळच्या गर्दीत भीती जशीच्या तशी परतली. हे अपयश नव्हते, अपेक्षित होते. दुपारची आठवण सकाळच्या डब्यात लागू होत नव्हती. तेव्हा सकाळचीही तालीम झाली: दारापासून दूर, मधल्या रांगेत चौथ्या सीटवर टेकून, गर्डरचा आवाज येताच मोबाइलमध्ये डोके न खुपसता तो ऐकत.

अल्प्राझोलामची पट्टी शेवटपर्यंत अडली. गोळी घेऊन पूल ओलांडला तर मेंदू ‘पुलाने काही झाले नाही’ असे न शिकता ‘गोळीने वाचलो’ असे शिकतो. न घेता नुसती जवळ ठेवली तरी बऱ्याच अंशी तेच होते. तिने आधी पट्टी पतीच्या खिशात दिली, मग घरच्या कपाटात ठेवली. डिसेंबरात ती वसईला परत राहायला गेली.

सध्या औषध चालू आहे. झटके थांबल्यावर ते साधारण वर्षभर ठेवण्याचा आणि मग सावकाश कमी करण्याचा विचार आहे. एकदम बंद केल्यास चक्कर आणि डोक्यात विजेचे चटके बसल्यासारख्या संवेदना येऊ शकतात, आणि हा रुग्ण शरीरातील प्रत्येक खुटकीकडे कान लावून बसलेला असल्यामुळे त्या संवेदनांना झटका समजण्याचा धोका अधिक. वर्षाचा हिशेब जून-जुलैत संपतो. परंतु पावसाळ्यात पश्चिम रेल्वेच्या गाड्या खाडीपाशी रखडण्याचा संभव सर्वाधिक असतो, म्हणून मात्रा पहिल्यांदा घटवण्याचे दिवाळीनंतरवर ढकलले आहे. तोपर्यंत, एखाद्या दिवशी गाडी पुलावर थांबलीच, तर त्या आठवड्यात भेटीला येऊन काय झाले ते सविस्तर सांगायचे, असे तिच्याशी ठरले आहे.